सासूबाईंच्या बॅगेचं वजन

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर प्रतिसादात कोणी माझी खेचायला नको... मी भूत, करणी, कौल, अंगात येणं यातलं काहीही मानत नाही. यवतमाळात एका कॉलेजात मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. या सदरातले पिंपळाखालचे आवाज आणि पांढऱ्या साडीतल्या बायका मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि दोघंही पोट धरून हसतो. तेव्हा आज मीच इथं लिहायला बसलोय हे बघून ती स्वयंपाकघरातून टोमणे मारते आहे. मारू दे. माझ्याही अनुभवात एक बाई आहे, पण ती माझी सासू आहे, मारेगावला राहते, आणि ठणठणीत आहे.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यातली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि चांगल्या कारणासाठी नाही. कापसाला भाव नव्हता, खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग हलत नव्हती. सासूबाईंची मारेगावजवळ चार एकर कोरडवाहू. सासरे जाऊन बरीच वर्षं झालेली, शेत त्या स्वतः बघायच्या. पोटापुरतं निघायचं, उपास पडत नव्हता. पण बाई गप्प झाली होती. एरवी म्हणजे काय बोलायच्या! एस.टी.त बसल्या की उतरेपर्यंत अर्ध्या गाडीशी नातं जोडून मोकळ्या. ती बाई आमच्याकडं यायची आणि खिडकीशी बसून राहायची. हसणं तर सोडाच. माझी बायको मीना रोज म्हणायची, "अहो, आईला काहीतरी होतंय." मी म्हणायचो, बीपी तपासू. बीपी उत्तम होतं.

आता माझ्याबद्दल. मला दोन व्यसनं – डोंगर आणि वजन कमी करणं. पोटाचं नाही हो, बॅगेचं! आम्हा चार-पाच जणांचा ग्रुप होता, दर हिवाळ्यात जिल्ह्यातल्या टेकड्यांवर मुक्कामाला जायचो. त्यात ताडपत्री आणि रेक्झिन शिवणारे आमचे रफिकभाई. बाजारात मिळणारं हलकं सामान आमच्या खिशाला झेपणारं नव्हतं आणि यवतमाळात मिळतही नव्हतं. मग पॅराशूटचं कापड आणि गादीतला सिंथेटिक फायबर आणून रफिकभाई स्लीपिंग बॅग शिवायचे. मी टूथब्रशचा दांडा अर्धा कापायचो. कपड्यांची लेबलं उसवायचो. फोमची मॅट खांद्यापासून ढुंगणापर्यंतच ठेवायची, पायाखाली रिकामी बॅग घालायची. नकाशाची कोरी कडसुद्धा कात्रीनं कापून टाकायची. मीना म्हणायची, "आता नखं काढा आणि नखांचंही वजन करा." हसा. पण बर्फात प्रत्येक तोळा जाणवतो, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

त्या वर्षी आमचं जानेवारीत उत्तराखंडात बर्फातल्या ट्रेकला जायचं ठरलं. मी आधीच्या एका ट्रेकचे फोटो टेबलावर पसरून बसलो होतो. सासूबाई आलेल्या होत्या. त्यांनी एक फोटो उचलला. नुसतं पांढरं, क्षितिजापर्यंत. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, मले हे पाहाचं हाय."

"टीव्हीवर दाखवतो ना आई."

"टीवीवर नाई. तुमच्या संगं येतो मी."

मी हसलो. मीनानं मला आत ओढत नेलं. "हसता काय? आईनं जन्मात कधी कोणाकडं काही मागितलं नाही. दोन वर्षं गप्प होती, आज पहिल्यांदा ती एखादी गोष्ट पाहिजे म्हणाली. तुम्ही नाही म्हटलं ना, तर बघा."

आता अडचण समजून घ्या. वय साठीला टेकलेलं. तब्येत काटक, दिवसभर वेचणी करणारी बाई, चालायचा प्रश्न नव्हता. प्रश्न ओझ्याचा होता. ट्रेकमध्ये कोणी दमलं की दुसरा त्याची बॅग घेतो, हा साधा रिवाज. पण इथं मी जावई! आमच्याकडं जावयाला पाण्याचा पेला उचलू देत नाहीत, आणि त्यानं सासूची बॅग पाठीवर घ्यायची? "लोक थुंकतीन माह्या तोंडावर," त्या म्हणाल्या. बरं, मी नाही तर रफिकभाई घेतील म्हटलं, तर "ते तं तुमचे दोस्त, मंग ते बी जावयासारकेच." म्हणजे जी काय बॅग असेल ती बाईनं स्वतः न्यायची, स्वतः आणायची. मग मीच अट घातली. सहा किलो. काट्यावर सहाच्या आत बॅग बसली आणि ती पाठीवर घेऊन एक रात्र टेकडीवर काढली, तर चला. नाहीतर विषय बंद. काटा सांगेल ते अंतिम, असं मी बोलून बसलो. मला माहीत होतं, जमणार नाही.

पॅकिंग आमच्या यवतमाळच्या घरी, रविवारी दुपारी. मी कॉलेजच्या लॅबमधला मोठा ताणकाटा आणून दाराच्या चौकटीला टांगला. रफिकभाई सासूबाईंसाठी शिवलेली पाठीवरची बॅग आणि स्लीपिंग बॅग घेऊन आले. आणि सासूबाईंनी त्यांचं गाठोडं सोडलं... पितळी तांब्या. ठेच्याचा स्टीलचा डबा. अडकित्ता. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे घरच्या कापसाची रजई, जी दोन हातांत मावत नव्हती.

"आई, ही नाही चालत."

"काहून? गरम हाय ना भल्ली."

मग मी लेक्चर दिलं. कापूस घाम पितो, दव पितो, ओला झाला की वाळत नाही, आणि ओला कापूस अंगातली ऊब ओढून घेतो. बर्फात कापूस म्हणजे मरण. लोकर चालेल, सिंथेटिक चालेल, अंगावर कापसाचा एक धागा नको. माझा आवाज चढला होता, ते मी नाकारत नाही.

बाईंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "सरकार नावं ठेवते, यापारी नावं ठेवते... आता घरचा जावई बी आमच्या कापसाले नावं ठेवून राह्यला."

रफिकभाई छताकडं बघायला लागले. मीनानं माझ्याकडं असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. पण रजई गेली. तांब्या गेला. अडकित्त्यावरून अर्धा तास भांडण झालं, शेवटी कातरलेली सुपारी पुडीत बांधून न्यायची असं ठरलं. डब्यातला ठेचा प्लास्टिकच्या पिशवीत. नायलॉनच्या पातळाखाली ट्रॅकपँट घालायला त्या तयार होत्या, पण मी खोलीबाहेर गेल्यावरच घालून बघितली. लोकरीचे दोन पायमोजे, माकडटोपी, विंडचीटर, झोपताना घालायचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत. मी सगळं घट्ट दाबून भरलं आणि बॅग हुकाला लावली.

सहाच्या पुढं. फार नाही, पण पुढंच.

अजून काढण्यासारखं काही नव्हतं, जे होतं ते सगळं लागणारं होतं. मी मनातून... खरं सांगू? मला हायसं वाटलं. सासूबाई काट्याकडं बघत होत्या. मग कमरेची चंची काढून त्यातून चिंधीत बांधलेली एक छोटी पुरचुंडी त्यांनी बाहेर काढली आणि बॅगेच्या वरच्या कप्प्यात सारली.

"आता हे काय?"

"सीतादहीचा कापूस हाय. एवढुसा."

माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्या भागात पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, त्याला सीतादही म्हणतात. सासूबाई त्या दिवशीचा पहिला मूठभर कापूस बाजूला काढून वर्षभर जपून ठेवायच्या. भाव असो नसो, सीतादही चुकवली नाही त्यांनी कधी.

मी कपाळावर हात मारला. "अहो आई, आधीच जास्त भरतंय, त्यात आणखी भर कशाला? आणि कापूसच?"

"अहो सर..." रफिकभाई म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र होता. "काटा देखो."

काटा पाचाच्याही मागं होता.

मी पुढं झालो. हुक अडकलाय का बघितलं. बॅग जमिनीला टेकली आहे का, चौकटीला घासते आहे का, सगळं बघितलं. पुरचुंडी काढली, काटा सहाच्या पुढं. घातली, पाचाच्या मागं. काढली. घातली. मीना हसायला लागली. मी चिडलो. स्प्रिंग खराब झाली म्हणून लॅबमधली प्रमाणित वजनं लावून काटा तपासला, तो अगदी बरोबर. पुरचुंडी नुसती हुकाला लावली तर काटा हलेनासुद्धा, चिमूटभर तर कापूस. माझ्या बॅगेत घातली, काही फरक नाही. रफिकभाईंच्या बॅगेत, काही नाही. सासूबाईंच्या बॅगेत घातली की बॅग हलकी!

मग आमची वरात कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात. तिथला तराजू पारड्यांचा, म्हणजे स्प्रिंगचा प्रश्नच मिटला. एका पारड्यात बॅग, दुसऱ्यात वजनं. तिथंही तेच. दुकानदाराला वाटलं आम्ही त्याचा तराजू पकडायला आलोय, तो आधीच शपथा घ्यायला लागला. गिऱ्हाईकं जमली. रफिकभाईंना तर उकळ्या फुटत होत्या. "सर, ऐसी पचास पोटली बनवाओ माँजी से. अपन ट्रान्सपोर्ट का धंदा डालते!"

सासूबाईंना मात्र यात काही विशेष वाटतच नव्हतं. त्यांना एकच गोष्ट पाहिजे होती. "मंग बसली न सहाच्या अंदर? काटा म्हनन ते, असं तुमीच बोल्ले होते."

मी बोललो होतो. फिजिक्सच्या माणसानं काटा मानायचा नाही तर काय मानायचं?

पुढच्या शनिवारी कळंबच्या बाजूला एका पठारावर आम्ही चाचणीचा मुक्काम केला. कडाक्याची थंडी होती, पहाटे सगळ्यांच्या स्लीपिंग बॅगांवर दव. तिथं अमानवीय वगैरे काहीही घडलं नाही, उगाच कशाला मीठ-मसाला लावू? सासूबाई बॅग घेऊन सरसर चढल्या, संध्याकाळी गरम पाण्याची बाटली पोटाशी घेऊन झोपल्या आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून चहा ठेवला. वर मला म्हणतात, "तुमची ते पॅराशूटची रजई मस्त हाय बरं." एवढं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

तर जानेवारीत निघालो. रेल्वे, बस, जीप, आणि मग एका खेड्यापासून वर पायी. दोन दिवस देवदारांतून, जागोजागी बर्फाचे चट्टे. सासूबाई असा चट्टा दिसला की हात लावायच्या, पण म्हणायच्या, "फोटोतलं तं वेगळंच होतं." फोटोतलं पांढरं वर होतं, डोंगराच्या एका धारेच्या पलीकडं. रात्री ताजा बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती धार चढायला लागलो. रफिकभाई तंबू घेऊन दोघांबरोबर पुढं गेलेले. मागं मी, सासूबाई आणि वाटाड्या.

चढ खडा होता. मला घाम फुटला. धारेच्या बऱ्याच खाली दम घ्यायला थांबलो आणि वारं सुटलं... आणि मला हुडहुडी भरली. साधी नाही, दातावर दात. बोटं वाकेनात. विंडचीटर आहे, लोकर आहे, सगळं माझ्या मापानं निवडलेलं, मग थंडी शिरते कुठून? सासूबाईंनी माझ्या मानेपाशी हात घालून कॉलर चाचपली.

"जावईबापू, आतमंदी बनेन कायची हाय?"

मी वाटाड्याकडं बघायला लागलो.

"कायची हाय, सांगा न."

"...कॉटनची."

अख्ख्या यवतमाळला कापूस घालू नका सांगणारा मी! जन्मभराची सवय. आंघोळ झाली की बनियन अंगात जाते, त्यात डोकं चालतच नाही. तीच घामानं पिळायला आली होती. सासूबाई तोंडाला पदर लावून इकडंतिकडं बघायला लागल्या, आणि मग त्यांना आवरेना. "कापसाले नावं ठेवता... अन् पोटाशी लावून बी ठेवता!" मला एवढ्या थंडीत स्वतःचं हसू आलं.

त्यांनी तोंड फिरवलं, वाटाड्यानं मला कोरडी लोकरी बनियन घालायला लावली, थर्मासमधला चहा पाजला. थरथर थांबली, पण अंगात त्राण म्हणून नव्हतं. बॅग उचलायला गेलो तर ती पाठीपर्यंत येईना. वाटाड्या म्हणाला, साहेबांना खाली न्यावं लागेल. पुढची माणसं लांब गेली होती. मी खाली म्हणजे सासूबाई पण खाली. धार समोर दिसत होती, तिच्या पलीकडं त्यांचा तो फोटो. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांच्याकडं बघूसुद्धा शकलो नाही.

त्या म्हणाल्या, "बिना वझ्यानं चालता येईन का तुमाले?"

"येईल कदाचित. पण तुम्ही माझी बॅग..."

"सासूनं जावयाचं वझं उचललं तं कोनी नाव ठेवत नाई. उलटं चांगलं म्हन्तेत."

आणि त्यांनी माझी बॅग छातीवर लटकवली. वाटाड्या मधे पडला, तर त्याला, "तू जावयाले धर, हे मी पाहातो." मागं स्वतःची, पुढं माझी. माझी दहाच्या वर होती हो! आणि बाई चालायला लागली, डुलत डुलत, डबा घेऊन शेतात निघाल्यासारखी.

मी वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवून मागून निघालो. ताजा, भुसभुशीत बर्फ. वाटाड्या पोटरीपर्यंत रुतत होता, मी गुडघ्यापर्यंत. आणि पुढं सासूबाईंची पावलं... नुसती उमटली होती. अंगणातल्या रांगोळीत पाय पडावा, तेवढीच. टाच दिसत होती, बोटांकडची बाजू दिसत होती, पण खोली नाही. दोन बॅगा अंगावर असलेल्या माणसाची! मी मुद्दाम माझा पाय त्यांच्या पावलावर ठेवला. गुडघ्यापर्यंत आत. दुसऱ्या पावलावर ठेवला. पुन्हा आत. वाटाड्यानं ते बघितलं, माझ्याकडं बघितलं, हात जोडले आणि चालायला लागला.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे मी हजारो पोरांना शिकवलं. वरचा बर्फ कडक असेल म्हणावं, तर मग मी का रुतलो? विरळ हवेनं मला भास झाला म्हणावं, तर वाटाड्या जन्माचा तिथला. आणि किराणा दुकानातला तराजू काही हिमालयात नव्हता. परत आल्यावर नीट प्रयोग करायचे असं मी ठरवलं होतं, तक्ते आखून ठेवले होते. पण पुढच्या सीतादहीला सासूबाईंनी त्या कापसाची वात वळून दिवा लावला. नव्या कापसाच्या पुरचुंड्या मी तीन वर्षं मागून आणल्या, काट्यावर घातल्या. काही नाही. काटा ढिम्म. त्यांना विचारलं तर म्हणतात, "आता मले कुठी जाचं हाय?" माझ्याकडं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडं असेल तर जरूर लिहा, फक्त 'देवाची कृपा' एवढंच लिहू नका, मी भांडेन.

आम्ही धारेवर पोचलो तेव्हा त्या आधीच पोचून उभ्या होत्या, दोन्ही बॅगा तशाच अंगावर. पलीकडं सगळं पांढरं. खाली, वर, लांबपर्यंत, एक ठिपकासुद्धा दुसऱ्या रंगाचा नाही. मला वाटलं बाई रडते आहे की काय. जवळ गेलो तर त्यांचे खांदे हलत होते आणि त्या हसत होत्या, पूर्वीच्या त्यांच्या त्या एस.टी.तल्या हसण्यासारखं, मोकळं, मोठ्यानं.

"पाह्यलं का जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढं पांढरं... अन् वेचाचं नाई, मोजाचं नाई, इकाचं बी नाई!"